पाहुण्यांची हवा मोजली त्या दिवशी

आमच्या घरातली हवा मी सुधारली, त्याच दिवशी माझ्या बहिणीची सोयरीक मोडायला आली.

आमचं घर लाखनीत, अगदी हायवेला लागून. ट्रक गेला की टीपॉयवर धुळीचा थर बसतो. वैशालीला पाहायला तुमसरकडचे पाहुणे येणार होते. मुलगा शिक्षक होता आणि नुसत्या फोटोवरून तिला इतका आवडला होता, की हे स्थळ जुळावं म्हणून ती सोमवार धरायला लागली होती. पाहुण्यांवर छाप पडावी म्हणून मी (कंपनीतलं सुरक्षेचं प्रशिक्षण अर्धं झोपेत काढलेला तज्ज्ञ!) हवा तपासायचं यंत्र मागवलं. हिरवा दिवा म्हणजे हवा चांगली, पिवळा म्हणजे बरी, तांबडा म्हणजे वाईट. खिडकी उघडली की तांबडा! मी बैठकीच्या खिडक्यांच्या सगळ्या फटी चिकटपट्टी लावून बंद केल्या.

"दादा, पाव्हने गुदमरतीन ना!" वैशाली म्हणाली.

"तू गप राय. शुद्ध हवा कशाले म्हनते, तुले मालूम हाय का?"

पाहुणे आले, दाटीवाटीने बसले. धूळ नको म्हणून मी बाहेरचं दारही लोटलं. आत बायकोने पोह्यांच्या तर्रीला मिरचीची फोडणी दिली आणि टीपॉयवरचं यंत्र केकाटायला लागलं. शहाण्या माणसाने दार उघडलं असतं. मी मात्र यंत्र उचलून, घाण नेमकी कुठून येते ते शोधायला एकेका पाहुण्यापुढे धरत निघालो! मुलाच्या वडलांपाशी पिवळा. मुलापाशी पिवळा. मुलाचे मामाजी निघताना अंगावर भरपूर सेंट मारून आले होते. त्यांच्या बगलेशी यंत्र गेलं मात्र, तांबडा दिवा आणि लांबलचक शिट्टी!

"सापडलं!" मी ओरडलो.

मामाजींनी हातातली चिवड्याची प्लेट खाली ठेवली. "काय सापडलं जी?"

"नाही, म्हंजे... हवा... तुमच्या अंगापाशी..."

"माह्या अंगाचा वास येऊन राह्यला म्हनता?"

"वास नाही जी, फक्त प्रदूषण!"

मामाजी ताडकन उठले. "चाला रे, निंगा!" एवढ्यात फोडणीचा ठसका बैठकीत पोहोचला आणि सगळे एकदम खोकायला लागले. तशातच चहाचा ट्रे घेऊन वैशाली दारात आली. माझा हात अजून मामाजींच्या बगलेशीच होता. तिने माझ्याकडे असं पाहिलं, की धरणीने पोटात घ्यावं असं मला वाटलं.

मुलाने नखांनी चिकटपट्टी ओरबाडून खिडकी उघडली. धुळीसकट वारा आत आला आणि त्या निर्लज्ज यंत्राचा दिवा हिरवा झाला!

वैशालीचे डोळे भरले होते. मिरचीमुळे की माझ्यामुळे, ते विचारायची माझी हिंमत झाली नाही. ती म्हणाली, "मामाजी, माफ करा जी. आमचा दादा मनानं बरा हाय, डोक्यानं असाच हाय."

आधी मुलगा हसला. मग मामाजीही, खोकत खोकत. म्हणाले, "पोरगी पसंत हाय. आमाले काईच नको. फक्त साक्षगंध उघड्या मैदानात करा, अन् याले वारा जिकडं वाहून जाते, त्या अंगाले बसवा."

साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, मला तसंच बसवलं, जनरेटरच्या मागे. डोळे चुरचुरत होते, घसा धुराने भरला होता. कुठली हवा खराब आहे, हे मला जन्मात पहिल्यांदा बिनचूक कळलं होतं, आणि तोंड उघडायची सोय नव्हती!