दोन मिलिमीटरचं कडं

हे लिहायला बसले आणि तीनदा उठले. घरात कुणाला माहीत नाही, शाळेत तर नाहीच. ज्यांना सांगायला हवं होतं ते आता नाहीत — म्हणूनच धीर होतोय का? असेल.

मारेगावात करीमचाचांचं लेथचं दुकान होतं. कापसाच्या जिनिंगच्या मशीनचे रोलर, शाफ्ट, जे झिजेल ते त्यांच्याकडे यायचं. मी शाळेत विज्ञान शिकवायचे आणि गच्चीवरून आकाशाचे फोटो काढायचे. गावातला फोटो स्टुडिओ बंद झाला तेव्हा तिथली एक जुनी लेन्स मी घेतली. ती माझ्या खगोल-कॅमेऱ्याला जोडायची होती. दोन्हींच्या मध्ये रंगीत काचांची फिरती चकती — फिल्टर व्हील. लेन्स सेन्सरपासून नेमक्या अंतरावर बसली तरच तारे टोकदार येतात. त्यासाठी ॲल्युमिनियमची एक रिंग हवी होती. मी हिशेब केला आणि माप वहीच्या पानावर लिहून दिलं.

चाचांना फार मजा वाटली. "कापसाच्या मशीनचे दात लय घासले, मॅडम," ते म्हणाले. "आता चांदणीले अंगठी करू."

अंगठी झाली. तारे मात्र फुगलेले, मुरमुऱ्यासारखे. लेन्स शेवटपर्यंत फिरवली तरी आवळेनात. अंगठीच जाड झाली असेल, म्हणून मी ती परत नेली. चाचांनी व्हर्नियर लावलं. चष्मा पुसून पुन्हा लावलं. माप बरोबरच दिसत होतं. तरी त्यांनी दुसरी केली. मग तिसरी. तीही मी परत घेऊन गेले, तेव्हा चाचा माझं वहीचं पान हातात धरून हळूच म्हणाले, "माप तं तुमचं लिहेल आहे. मंग मायाच हात हालत असन."

आणि मी काय म्हणाले? "वय झालं चाचा, होतं असं." — हसून म्हणाले.

बोंडअळीची वर्षं होती ती. जिनिंग हंगाम संपण्याआधीच थंडावत होत्या. चाचांकडे उरलं होतं ते एवढंच — करीमच्या हातचं काम म्हणजे पुन्हा मोजायला नको, हे नाव.

आठवड्याने चकती पुसायला म्हणून सगळं सुटं केलं. कॅमेऱ्याच्या तोंडावर एक काळं कडं होतं, कारखान्यातूनच बसून आलेलं. दोन मिलिमीटरचं. माहितीपत्रकातलं अंतर त्या कड्याशिवायचं होतं, आणि मी तेच धरलं होतं. कडं काढलं, चाचांची पहिलीच अंगठी बसवली. तारे — सुईच्या टोकासारखे. मग तिन्ही अंगठ्या मोजल्या. केसाचाही फरक नव्हता.

दुसऱ्या दिवशी कडं पर्समध्ये टाकून निघाले. सांगायलाच निघाले होते, हे खरं. दुकानात जिनिंगचा माणूस शाफ्ट घेऊन उभा होता, आणि चाचा त्याला सांगत होते, की वणीला ने, बारीक काम आता माझ्याच्यानं होत नाही. तो ऐकेना. तुमच्याशिवाय कुणाला देऊ, म्हणत होता. मी बाजूलाच होते. एक वाक्य पुरलं असतं. पण त्याची मुलगी माझ्या वर्गात होती — विज्ञानाच्या बाईंचं माप चुकलं, हे घरोघरी गेलं असतं. एवढंच. एवढ्यासाठी.

तो शाफ्ट उचलून गेला. चाचांनी विचारलं, "दिसल्या काय चांदण्या?"

"पुण्याहून दुसरी रिंग मागवली," मी म्हणाले. "आता दिसतात."

"बरं झालं. तुमचं काम तं अडलं नाई."

पुढच्या महिन्यात त्यांनी लेथ विकला. दोन वर्षांनी चाचा गेले. मी भेटायला गेले तेव्हा चाचींनी चहा दिला आणि सांगितलं — लेथ विकल्यापासून ते रोज सकाळी काठोकाठ भरलेली बशी तळहातावर धरायचे आणि चाचींना बघायला लावायचे, हालते का म्हणून.

"कधीच हालली नाई वं बाई. एक थेंब सांडला नाई," चाची म्हणाल्या. मग माझ्याकडे पाहत राहिल्या. "मंग काहून सोडलं असन त्यायनं काम?"

बशी माझ्या हातात होती. मी चहा संपवला.

"काय माहीत," मी म्हणाले.

पहिली अंगठी अजून त्याच लेन्सवर आहे. तारे टोकदार येतात.