पाय लागला म्हणून

माझा मुलगा रग्बी लीग खेळतो, तेही पोटापाण्यासाठी. इथे विलायतेत, स्टॅनमोरमधल्या आमच्या मराठी मंडळींना हे सांगितलं की विचारतात, "बरं, आणि नोकरी कुठे?" हीच नोकरी, बाबांनो. क्लब तिकडे नॉर्थला. आता तिशी उलटली, गुडघे कुरकुरतात, पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट मिळेल की नाही देव जाणे. आणि यंदा कुठे पहिल्यांदा त्याची टीम सेमीफायनलला पोचली होती.

त्याच्या आधीच्या मॅचमध्ये समोरचा एक खेळाडू बॉल घेऊन धावत आला. हा वळायला गेला, याचा पाय त्याला लागला आणि तो पडला. रेफरीने खेळही थांबवला नाही. पण आमच्या चिरंजीवांनी काय करावं? वाकून त्याच्या खांद्याला हात लावला आणि तोच हात आपल्या छातीला लावला. चुकून कुणाला पाय लागला की आपण करतो, तसं. घरात सोफ्यावर बहिणीला पाय लागला तरी मी करायला लावायचे.

सोमवारी शिस्त समितीने व्हिडिओ बघितला. म्हणे पाय मुद्दाम आडवा घातला. लगेच माफी मागितली, म्हणजे त्याला ते ठाऊक होतं. एका मॅचची बंदी. सेमीफायनल गेली. त्याच आठवड्यात दुसऱ्या क्लबच्या एकाने अगदी तसंच पाडलं होतं आणि वर हात झटकत रेफरीशी हुज्जत घातली होती. तो अपघात ठरला. दोन्ही क्लिप मी शेजारी शेजारी लावून बघितल्या आणि माझं डोकंच फिरलं.

मी फोन केला. "अपील कर. मी येते, सांगते त्यांना की हा नमस्कार आहे, गुन्ह्याची कबुली नव्हे."

"आई, अपील हरलो तर बंदी वाढते. मग फायनल पण जाईल. क्लब म्हणतो, अ‍ॅक्सेप्ट कर."

सेमीफायनलला आम्ही दोघं स्टँडमध्ये बसलो, तो क्लबचा सूट घालून. टीम थोडक्यात हरली. त्याची दोस्तमंडळी गवतावर बसून होती आणि त्याला खाली त्यांच्याजवळ जायचीसुद्धा लाज वाटत होती. माझा जीव तुटला.

परतताना गाडीत त्याने विचारलं, "नेक्स्ट टाइम पाय लागला तर काय करू?"

सरळ पुढे जा, मागे बघू नकोस, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. शहाणपण त्यातच होतं.

"नमस्कार कर," मी म्हणाले.

"आणि परत बॅन केलं तर?"

"करू देत."

तो हसला. मला मात्र रडू आवरेना, कारण नेक्स्ट टाइम येईल असं आम्हा दोघांनाही वाटत नव्हतं.