आबांनी ओळखलेला दिवा

हसा खुशाल, पण चहा सांडू नका. माझं ठरत आलेलं लग्न एका कॉम्प्युटरपायी मोडता मोडता राहिलं, आणि त्यात कॉम्प्युटरची तीळभर चूक नव्हती!

नव्वदीतली गोष्ट. मी धुळ्यात एका बियाण्याच्या ऑफिसात कॉम्प्युटर चालवायचो. मुलगी धरणगावची. मला तर इतकी पसंत, की जेवण गोड लागेना! पण तिचे वडील, आबा, म्हणाले, "पोऱ्या काय काम करस, ते मी देखसू, मंग बोलसू." आणि भर वैशाखात, टळटळीत दुपारी ऑफिसात हजर.

शहाण्या माणसानं काय केलं असतं? चार नावं छापून दाखवली असती. पण मी कसला ऐकतो!

"आबा, या डब्यात डिस्क आहे. ती चालू असली की हा लाल दिवा लुकलुकतो. आत शेतकऱ्यांची नावं तुकडे होऊन विखुरलीत. एक कमांड देतो, सगळी ओळीनं लागतील. मग मशीन कसं पळतं बघा!"

ऐटीत 'डीफ्रॅग' टाइप केलं. कुठली डिस्क आवरू, असं त्यानं विचारलं. वाचतो कोण? दाबला एंटर!

पडद्यावर चौकोन इकडून तिकडे सरकू लागले. घरघर सुरू झाली.

"हाऊ कसाना आवाज शे?"

"साफसफाई चाललीय, आबा. मधेच वीज गेली तर सगळं संपलं!"

झालं, विजेवर भार नको म्हणून मी पंखा बंद केला. साहेबांचासुद्धा! कुणी हलायचं नाही, बोलायचं नाही. साहेब शर्टाची बटणं सोडून बसले. आबा टोपीनं वारा घेत डब्याकडे टक लावून. असा अर्धा तास गेला.

शेवटी आबाच बोलले. "भाऊ, लाल दिवा ते एकदाबी पेटना नई. घडीघडी पेटी ऱ्हायना तो त्या फटीजवळना हिरवा. असं काबर?"

मी पाहिलं. अरे देवा! डब्याच्या त्या फटीत मी जुन्या पत्रांची फ्लॉपी विसरलो होतो. अर्धा तास मी तीच आवरत होतो. डिस्कला हातसुद्धा लागला नव्हता!

"चुकलं, आबा," मी म्हणालो. साहेबांनी उठून पंखा लावला. आबा टोपी घालून एस.टी. पकडायला गेले. संपलं लग्न, म्हटलं.

चौथ्या दिवशी होकार आला! मी हवेत. पुढे बायकोनं सांगितलं, घरी आबा काय म्हणाले होते ते.

"पोऱ्याले काम येस का नई, माले माहीत नई. पण काही काम नसताना त्यानी साहेबना पंखा बंद करीसन त्याले अर्धा तास गप बसाडं. हाऊ कोठेबी पोट भरी लेई!"