उकडलेले नूडल्स

हळदीकुंकवाला सुनेने कोबीची नवी कोशिंबीर केली. वरून घालायला कोरडे नूडल्स चुरून ठेवले होते. "आई, वाढताना घाला, म्हणजे कुरकुरीत राहतील," असं सांगून ती साडी नेसायला गेली. घरी आलेल्या बायकांना कच्चं कसं वाढायचं, म्हणून मी ते उकडून कोशिंबिरीत कालवले. सगळा लगदा झाला.

"सूनबाय, तुझी कोशिंबीर खायला दात नकोत गो!" शेजारची काकी म्हणाली. बायका हसल्या.

सुनेने एकदा माझ्याकडे बघितलं. "माझंच चुकलं, काकी," म्हणाली. मी बायकांना कुंकू लावत राहिले.

उरलेलं पातेलं मी तिला टाकू दिलं नाही. दोन दिवस तेच जेवले. पण चूक माझी होती, एवढं तिला सांगणं अजून जमलेलं नाही.