झूनींच्या देवाला शिवायचं नाही

माझी धाकटी जाऊ नीलांबरी सोवळ्याची एवढी, की डेव्हन ॲव्हेन्यूवरच्या देशी दुकानातून आणलेली केळीसुद्धा धुतल्याशिवाय नैवेद्याला ठेवायची नाही. मुलं कॉलेजला गेल्यावर ती शिकागोतल्या एका छोट्या खासगी संग्रहालयात बिनपगारी कामाला जाऊ लागली. तिथे जुन्या मूर्तींना हातमोज्यांशिवाय कुणी शिवत नाही, याचं तिला कोण कौतुक! "रेखाताई, अमेरिकेत चक्क सोवळं पाळतात हो!" असं फोनवर सांगायची. मी पोट धरून हसायचे.

तिचा सगळ्यात जास्त जीव होता एका दगडी प्राण्यावर. न्यू मेक्सिकोतल्या झूनी या आदिवासी लोकांचं ते दैवत, पाठीवर पिसं बांधलेली. झूनी घरात त्याला मडक्यात ठेवतात, मक्याचं पीठ भरवतात. इथे तो कधीचा उपाशी, म्हणून नीलांबरी हळहळायची.

२००४ साली संग्रहालयाने तो झूनींना परत द्यायचं ठरवलं आणि तो न्यायला अल्विन नावाचे झूनी आजोबा आले. मी नीलांबरीला घ्यायला गेले होते, तेव्हा सगळं माझ्या डोळ्यांदेखत झालं. तिने आजोबांपुढे हातमोजे धरले आणि लगेच मागे घेतले. "तुम्ही तर त्याच्या घरचे. तुम्हाला कसले ग्लव्ह्ज?"

आजोबांचे डोळे भरून आले. त्यांनी देवाला पीठ भरवलं, त्याला तोंडाशी धरलं आणि खोल श्वास आत ओढला. देवाचा श्वास असा आपल्यात घ्यायचा, ही त्यांची रीत.

तेवढ्यात प्रयोगशाळेतली लिंडा ओरडत धावली. "खाली ठेवा! आर्सेनिक आहे त्यावर!"

पिसांना कीड लागू नये म्हणून संग्रहालयाच्या जुन्या लोकांनी त्यावर विषाची पूड मारली होती. हातमोजे त्या विषासाठी होते, देवासाठी नव्हे! नीलांबरीने आजोबांना ओढतच बेसिनकडे नेलं. "मीच ग्लव्ह्ज नको म्हटलं, मीच," असं मराठीत पुटपुटत त्यांचे हात साबणाने चोळत राहिली.

डॉक्टरांनी तपासलं, आजोबा बचावले. मग लिंडाने बजावलं, देव घरी न्या, पण पिशवीतून काढू नका, भरवू तर मुळीच नका.

आजोबा नीलांबरीकडे वळले.

"घरी बायको मका दळून बसली आहे," ते म्हणाले. "तिला काय सांगू? देव आला, पण त्याला उपाशीच ठेव?"