चूलबंद आवतन

माझी मावसबहीण डॉ. गीतांजली मेहरे हिनं आयुष्यात दोनच ध्यास घेतले. एक, अमरावतीच्या तिच्या कॉलेजात कंपन्यांच्या सामाजिक जबाबदारीचा अभ्यास करणारं केंद्र काढायचं. दुसरा, 'स्टेकहोल्डर' या शब्दाला धड मराठी शब्द शोधायचा. पहिल्यासाठी ती भल्याभल्यांचे उंबरठे झिजवायची आणि दुसऱ्यासाठी माझं डोकं खायची. मी अकोल्याला मराठी शिकवते, एवढाच काय तो माझा गुन्हा.

"हितसंबंधी म्हण," मी सांगून पाहिलं.

"काही भानगड केल्यासारखं वाटते."

"मग हितधारक."

"हे तं दवाईच्या बाटलीवरचं दिसते."

"भागधारक?"

"सीमे, भागधारक म्हणजे शेअरवाले वं! शेअरवाले सोडून बाकीच्यांचं काय, यावरच तं माया सारा अभ्यास हाय. ज्याच्यावर कंपनीचा परिणाम होते तो प्रत्येक जण. त्याले एक शब्द दे."

मी फोन आपटला. प्रत्येक जणाला एक शब्द कुठून देणार? भाषा म्हणजे काय ठोक भावाचं दुकान आहे?

आमची गीता हिवरखेडची, फूलमळेवाल्या माळ्याच्या घरची. वडील सूर्यभानकाका झेंडू आणि शेवंती पिकवायचे आणि आई, म्हणजे माझी माणिकमावशी, पहाटे तोडणीला उभी राहायची. गीता बी.कॉम.ला अकोटला एसटीनं जायची. त्याच एसटीच्या टपावर काकांच्या फुलांच्या टोपल्या असत. त्यामुळे वर्गात ती शिरायच्या आधी झेंडूचा वास शिरायचा आणि मुलं तिला 'हारवाली' म्हणायची. तिनं ते कधी मनाला लावून घेतलं नाही. उलट वर्गणी काढून सरांना हार घालायची वेळ आली की भाव तीच ठरवायची आणि चांगला चढा ठरवायची.

पुढे एम.कॉम.ला अमरावतीला गेली तेव्हा तिथला एक फूलबाजार नव्या जागी हलला. अडते होते, अधिकारी होते, सगळ्यांच्या बैठका झाल्या. कडेला बसून हार गुंफणाऱ्या बायांना मात्र कोणी विचारलं नाही, आणि नव्या जागेत त्यांना बसायला हातभर कोपराही उरला नाही. "इचारलं कोणाले?" हा प्रश्न गीताच्या डोक्यात शिरला तो तिथं. त्यावरच तिनं पीएच.डी. केली, निबंध लिहिले, परदेशातल्या एका परिषदेत टाळ्या घेऊन आली. गावात मावशी सांगायची, "माई पोरगी कंपन्याइले शिकवते, का काम कराच्या आंधी लोकाइले इचारा म्हून." त्यावर ऐकणारे म्हणायचे, "एवढ्यासाठी डॉक्टर व्हा लागते?"

आणि एक दिवस कंपनीच चालत तिच्याकडे आली. हिवरखेडला जिनिंग-प्रेसिंगचा मोठा कारखाना काढायचा होता. कापसातली सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधायच्या. जागाही बघून झाली होती. पंजाबरावांचं शेत, गावाच्या उत्तरेला, सूर्यभानकाकांच्या फूलमळ्याला अगदी लागून. पंजाबराव म्हणजे काळ्या जमिनीचे जुने कास्तकार, आवाज असा की ध्वनिक्षेपकानं लाजावं. ते शेत विकायला एका पायावर तयार होते. कर्ज देणाऱ्या बँकेची अट एवढीच होती की गावाचं म्हणणं एखाद्या जाणकाराकडून ऐकून घ्या आणि अहवाल द्या. जाणकार म्हणजे गीता. तिनं आधीच सांगून टाकलं की शेजारचा मळा माझ्या बापाचा आहे. कंपनीचा चंदन नावाचा पुण्याचा अधिकारी म्हणाला, "उलट बरंच आहे मॅडम, घरचाच कार्यक्रम." आणि जाता जाता म्हणाला, "हे नीट पार पडलं की तुमच्या केंद्राला निधी आमचा."

गीतानं मला फोन केला तेव्हा तिला बोलायलाही सुधरत नव्हतं. केंद्राची पाटी कुठं लावायची तेही तिनं ठरवून टाकलं होतं. खोटं कशाला सांगू, मलाही भरून आलं.

सभा माघात ठरली. चंदननं मंडप घातला, पुढच्या रांगेत सोफे मांडले, चहा आणि बिस्किटं सांगितली. पण गीताला भीती एकच, की नेहमीप्रमाणे पागोटी आणि टोप्या येतील आणि बाया घरी राहतील. म्हणून तिनं मावशीला फोन लावला. "आई, गावात सांगून दे. सभेले सगळ्याइनं याचं."

"घरटी एक?" मावशीनं विचारलं.

"नाई. घरातले सगळे. बाया, म्हातारे, लेकरं, पाहुणे आले असन तं तेही. घरी कोणीच नाई राहिलं पाह्यजे."

मावशी म्हणाली, "कंपनी लयच दिलदार दिसते वं." आणि ती गावभर आवतन देत फिरली.

इथं थोडं थांबून सांगावं लागेल. आमच्याकडे जेवणाच्या निमंत्रणाला आवतन म्हणतात, आणि त्याच्या दोन जाती आहेत. 'घरटी एक' म्हणजे घरातून एकानं जेवायला यायचं. तो एक बहुतेक पुरुषच असतो. दुसरं 'चूलबंद'. म्हणजे त्या दिवशी त्या घरात चूल पेटवायचीच नाही, घरातलं झाडून सारं माणूस जेवायला यायचं. घरोघरी गॅस आला तरी शब्द चुलीचाच राहिला. आता 'घरातल्या सगळ्यांनी यायचं, पाहुण्यांनीसुद्धा' हे हिवरखेडात जो कोणी ऐकेल तो दुसरा अर्थ लावणारच नाही. व्यवस्थापनशास्त्राची डॉक्टर हे विसरली. मावशीचं काय चुकलं?

मी आईला घेऊन गेले होते. माझी आई भागीरथा, माणिकमावशीची धाकटी बहीण, अकोटला एका जिनिंगच्या पाठीमागच्या गल्लीत राहते. सहज बहिणीला भेटायला म्हणून निघालेली. मंडपाजवळ पोहोचलो तर मला वाटलं जत्राच आहे. बाया नटूनथटून, लेकरांच्या डोक्याला तेल चोपडलेलं, म्हातारे काठ्या टेकत, आणि कित्येकांच्या हातात पाण्याचा तांब्या. चंदन बिचारा पडद्यावर कारखान्याचं चित्र दाखवत होता आणि लोक मान वाकडी करून मंडपाच्या मागं बघत होते. मागं धूर नव्हता, आचारी नव्हता, कढई नव्हती. बिस्किटांचे पुडे मात्र व्यवस्थित रचून ठेवले होते.

शेवटी पंजाबराव उठले. "ओ साहेब, पंगत किती वाजता हाय?"

"पंगत?" चंदन म्हणाला.

"चूलबंद आवतन देऊन लोकाइले बिस्कुटं चारता का? गावाची चेष्टा करून राहिले काय तुमी?"

मंडपात असा गलका उठला की सोफ्यावरचे पंचायतीचे सदस्य उभे राहिले. चंदनच्या तोंडचं पाणी पळालं. काय झालं ते त्याला कोणीतरी समजावून सांगितलं तेव्हा तो गीताकडे बघून म्हणाला, "मॅडम, सभा रद्द करू. निघू आपण." गीता पांढरीफटक पडली होती. केंद्र, पाटी, निधी, सगळं तिला समोरून जाताना दिसत असणार. पण पोरगी शेवटी फूलवाल्याच्या घरात वाढलेली. तिनं माईक घेतला. "आवतन माह्यं हाय. कोणी उपाशी जाणार नाई. पण सैपाक सगळ्याइनं मिळून करा लागन, आन् सैपाक होईस्तोवर मले बोलाले बसा लागन."

वऱ्हाडात गर्दीला जेवू घालायचं म्हणजे रोडगे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या आरात भाजायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. चंदननं मुकाट्यानं कणकेची पोती आणि वांगी आणवली. गडी गोवऱ्या रचायला लागले, बाया कणीक तिंबायला बसल्या. गीता माईक ठेवून त्यांच्यात बसली. सभा ती तिथं झाली.

बोलता बोलता एकीनं विचारलं, कारखाना आला तर कामाला घेतील का. दुसरीनं विचारलं, ट्रक कोणत्या रस्त्यानं जातील. माझी आई परातीत कणीक मळता मळता म्हणाली, "ट्रकाचं सोडा. जिनिंगच्या मागं राहून पाहा एकदा. दोरीवरच्या लुगड्याले मिशा फुटते." सगळ्या हसल्या. आईनं हसत हसत आपल्या शालीवरची रुईची पुंजकी काढली आणि माणिकमावशीच्या अंबाड्यातल्या शेवंतीवर ठेवली. पांढरं बारीक तूस पाकळ्यांना असं चिकटलं की काढता काढता पाकळ्याच तुटल्या.

हसणं थांबलं. सगळ्या फूलमळेवाल्या एकमेकींकडे बघायला लागल्या. जिनिंग चालतं दिवाळीपासून, लग्नसराईची शेवंती असते तेव्हाच, आणि तेव्हा वारा असतो सातपुड्याकडून. पंजाबरावांच्या शेतातून थेट मळ्यात. असल्या फुलांना कोण हात लावणार? मावशीनं अंबाड्यातून ते फूल काढलं आणि लेकीला एवढंच म्हणाली, "हे तं मले कोणी सांगतलंच नाई."

जेवणं मात्र झकास झाली. चंदननंसुद्धा तूप ओतून दोन रोडगे चोपले.

घरी परतताना गीता माझ्याशेजारी गाडीत बसली होती. ती एकदम म्हणाली, "सीमे, शब्द सापडला."

"कोणता?"

"चूलबंद. ज्याच्या घरची चूल पेटली, तो इचाराचा राहिला. झाला माया अभ्यास." माझी आई ना मतदारयादीत, ना सातबाऱ्यावर, त्या गावची सुद्धा नाही. केवळ पाहुणी म्हणून चुलीच्या हिशेबात आली होती. मराठीची प्राध्यापिका मी, आणि शब्द सापडला तो तिला.

गीतानं अहवालात लिहिलं की गावाला कारखाना हवा आहे, पण या जागी नको, दक्षिणेला अकोट रस्त्याच्या बाजूला न्या. चंदनचा फोन आला. तो माणूस वाईट नव्हता, ते सांगायला हवं. "मॅडम, उद्घाटनाचे पाहुणेसुद्धा ठरले आहेत. 'जागेबाबत ग्रामस्थ समाधानी आहेत' एवढं एक वाक्य घाला. बाकी सगळं तुमचं ठेवा." त्या दिवशी ती माझ्याकडे अकोल्यालाच होती. फोन ठेवून ती स्वयंपाकघरात आली आणि माझ्या ओट्याला टेकून रडली. खूप रडली. मी तिला सांगितलं की घाल वाक्य, सगळे घालतात. मला तिची दया आली होती. तिनं डोळे पुसले, चहा प्यायली आणि वाक्य न घालता अहवाल पाठवून दिला.

बँकेनं तो वाचला. जागा बदलली. केंद्राचा निधी एका क्रिकेटच्या स्पर्धेला गेला. गीता अजूनही जिन्याखालच्या खोलीत बसते, तिच्या टेबलाशेजारी कॉलेजच्या तुटक्या खुर्च्या रचलेल्या असतात.

पण तिला लागलं ते वेगळंच. पंजाबरावांचा सौदा मोडला. त्यांनी सूर्यभानकाकांशी बोलणं टाकलं, शेतात जायची वाट बदलली. पिढ्यांचा शेजार होता. गीता घरी आली की काका जेवताना खाली मान घालायचे. "लोकाइले इचारा म्हून शिकवते मी," ती मला म्हणाली, "आन् माया बापाशी कोणी बोलत नाई."

मार्गशीर्षात पंजाबरावांच्या नातीचं, मोनालीचं लग्न निघालं. गावभर चूलबंद आवतन. गीता तेव्हा चार दिवसांच्या सुट्टीवर घरी होती. पंजाबराव दाराशी आले, ओसरीवरही चढले नाहीत. "आवतन हाय," म्हणाले. "घरटी एक."

सगळ्या गावाला चूलबंद आणि शेजाऱ्याला घरटी एक! यापेक्षा आवतन न दिलेलं बरं. तरी लग्नाच्या दिवशी काकांनी खुंटीवरची टोपी काढली. मावशी स्वयंपाकघरातून बाहेर आली. "तुमी रावा," ती म्हणाली. "आपल्या घरून गीता जाईन." आणि तिनं दोघांपुरता भात शिजत घातला.

पुढचं मला गीतानं सांगितलं. ती मांडवात गेली आणि पंगतीत बसली. रागापायी पंजाबरावांनी फुलं शेजारच्या मळ्यातून घेतली नव्हती, अकोटहून मागवली होती. हार रात्रभर कुठल्याशा जिनिंगच्या फाटकासमोर गाडीत पडून होते. मोनालीच्या गळ्यातल्या शेवंतीला चांगल्या मिशा फुटल्या होत्या. बाया पदरानं ते तूस टिपत होत्या. गीतानं पाहिलं आणि पानाकडे नजर वळवली.

पंजाबराव बुंदीची बादली घेऊन वाढत आले. तिच्यासमोर थांबले. त्यांच्या बोटांना रुईचं तूस चिकटलेलं होतं.

"बाकीचे कुठी हायेत?" त्यांनी विचारलं.

"आवतन एकाचंच व्हतं, काका."

म्हातारा तिथंच उभा राहिला. पुढची पंगत बुंदीसाठी ओरडायला लागली. मग त्यांनी बादली आणि झारा गीताच्या हातात कोंबला, धोतराला बोटं पुसली आणि त्या जगजाहीर आवाजात म्हणाले, "ऊठ, वाढ तू. मी तुया घरची चूल बंद करून येतो."