बाळानं दूध सोडलं तेव्हा

राहू गावच्या गिताबाईंचं अर्धं आयुष्य मेंढरांमागं गेलं. आता वस्तीवर पक्कं घर झालंय, पुढं ऊस उभा आहे. मेंढरं उरलीत ती हौसेपुरती.

त्यांच्या सुनेला, ऋतिकाला, मुलगी झाली तेव्हा त्यांनी साऱ्या वस्तीला जिलेबी वाटली. पाचवी झाली आणि बाळाचं काहीतरी बिनसलं. ते रडेना, अंगावर पिईना, नुसतं पडून राही. ताप नव्हता. गिताबाईंच्या जाऊबाई म्हणाल्या, दृष्ट लागलीय, मीठ-मोहऱ्या ओवाळा. गिताबाईंनी त्या ओवाळल्याही. मग बाळाचे तळपाय हातात घेतले, तर गार. दूध सोडलेलं, पाय गार पडलेलं कोकरू हाती लागत नाही, हे त्यांनी कितीदा पाहिलं होतं.

"दृष्ट काढून झाली," त्या आपल्या मुलाला म्हणाल्या. "आता गाडी काढ."

दौंडच्या दवाखान्यात डॉक्टर सायलींनी बाळ लगेच आत घेतलं. रक्तात जंतू शिरले असावेत, असं त्या म्हणाल्या. तपासणीला रक्त पाठवलं, पण त्यातले जंतू वाढून कळायला दोन-तीन दिवस लागणार होते. तेवढं थांबण्यात धोका होता, म्हणून शिरेतून औषध तेव्हाच सुरू झालं.

"आन् रिपोर्ट निराळाच आला तर?" गिताबाईंनी विचारलं.

"तर औषध बदलू, आजी."

हे सरळ बोलणं गिताबाईंना पटलं. रिपोर्ट आला तेव्हा खरंच एक औषध बदलावं लागलं. ऋतिका वाटीत दूध काढून द्यायची, ते नळीनं बाळाच्या पोटात जायचं. गिताबाई बाहेर बाकावर बसायच्या, डब्यातली भाकरी शेजारच्या बायांना मोडून द्यायच्या आणि दार उघडलं की मान वर करायच्या.

एका सकाळी ऋतिका डोळे पुसतच बाहेर आली. गिताबाई बाकावरून उठल्या.

"आत्या, अंगावर ओढाय लागली. चांगली ओढतीया."

गिताबाईंनी सुनेचं डोकं छातीशी धरलं.

औषधांचा कोर्स पुरा करूनच बाळ घरी आलं. बारशाला नाव ठेवलं हर्षदा. पुढं तपासणीला नेलं तेव्हा, अशा आजारात कधी कधी ऐकू येणं कमी होतं म्हणून, कानही तपासले. ऐकू नीट येत होतं, वजनही वाढलं होतं. त्या दिवशी दौंडच्या स्टँडवर नातीला मांडीवर घेऊन गिताबाईंनी भेळ मागवली, आणि तिखट लागलं तरी सगळी संपवली.